असेंबल केलेला पीसी कधी चालू होतो, कधी नाही: बिघाड नेमका कुठे, हे कसं ओळखायचं

कुणी 'पीसी चालू होत नाही' असं सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, म्हणजे नेमकं काय होतं? बटण दाबल्यावर पंख्याचं पातंही हलत नाही? की पंखा क्षणभर फिरून थांबतो? दोन सेकंद चालतो, बंद पडतो, आपोआप परत सुरू होतो आणि तेच तेच करत राहतो? पंखे फिरतात, लाईट लागतात, पण मॉनिटर काळाच? की सकाळी अजिबात दाद देत नाही आणि दुपारी पहिल्या दाबात चालू होतो?

या प्रत्येक तक्रारीचं मूळ वेगळ्या जागी असतं. तरी मशीन दुरुस्तीला नेलं की बहुतेकदा एकच ऐकायला मिळतं: "एसएमपीएस (सॉकेटच्या विजेचे पीसीला लागणारे कमी व्होल्ट करणारा डबा) बदलून बघू." त्याने भागलं नाही तर रॅम, मग मदरबोर्ड. निम्मा पीसी नवा होतो आणि बिघाड तिथेच राहतो. अधूनमधून होणाऱ्या बिघाडात तर हे हमखास घडतं, कारण कुठलाही भाग बदलल्यावर पीसी चार दिवस चालतो आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम. पैसे साठवून, एकेक भाग निवडून घेतलेल्या मशीनचं असं होऊ नये, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

बटण दाबल्यापासून चित्र येईपर्यंत काय घडतं ते आधी बघू, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सॉकेट चालू असला की पीसी बंद असतानाही एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो. तो जांभळ्या वायरीवरून मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा मदरबोर्ड हिरवी वायर ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या काळ्या वायरीला) टेकवतो, आणि एसएमपीएसला कळतं की सुरू व्हायचंय. मग १२ (पिवळी वायर), ५ (लाल) आणि ३.३ (नारिंगी) व्होल्टचे पुरवठे सुरू होतात. ते स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस राखाडी वायरीवर 'पुरवठा ठीक' असा इशारा देतो. तो मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रिसेटमध्ये रोखून धरतो. त्यानंतर प्रोसेसर बायॉस (बोर्डातच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम) वाचतो, रॅम तपासतो, ग्राफिक्स शोधतो आणि मॉनिटर उजळतो.

आपल्याला शोधायचं ते इतकंच, की हे सगळं कुठल्या पायरीवर अडतंय. काहीही खोलण्याआधी मोबाईलवर एक व्हिडिओ काढा: कॅबिनेटचं झाकण उघडं, बोर्डावरचे छोटे लाईट आणि प्रोसेसरचा पंखा एका चौकटीत, आणि बटण दाबणारं बोट. दोन सेकंदांत काय काय होतं ते डोळ्यांना सापडत नाही. व्हिडिओ हळू करून बघितला की दिसतं.

आधी भिंत, मग बटण

एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवा आणि वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. एसएमपीएसकडचं टोक दाबून बघा. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवलेलं असलं की ते हळूहळू सैल होतं. एसएमपीएसच्या मागचं बटण रेघेच्या बाजूला दाबलेलं हवं, गोलाची खूण म्हणजे बंद.

पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल आणि तक्रार लाईट गेल्या-आल्यावरच सुरू होत असेल, तर पीसी खोलायच्या आधी इन्व्हर्टर तपासा. पुरवठा तुटल्यावर चांगला एसएमपीएस भरल्या लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. साध्या इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा. स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरीची वीज देणारे) इन्व्हर्टर आणि अॅक्टिव्ह पीएफसी (सॉकेटमधून प्रवाह समान ओढणारं सर्किट) असलेले एसएमपीएस यांचंही अनेकदा जमत नाही.

कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थ नसली की कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. प्रवाह क्षीण असतो, पण अशा वेळी एचडीएमआय किंवा यूएसबी जोडताना पोर्ट जळू शकतो. यात चालढकल करू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा.

आता बटण. कॅबिनेटची पॉवर आणि रिसेट ही दोन्ही बटणं स्वस्त असतात आणि कालांतराने अडकतात. अडकलेलं रिसेट बटण तर फार फसवतं: पंखे फिरत राहतात, पण बोर्ड पुढेच जात नाही. बहुतेक बोर्डांवर फ्रंट पॅनेलच्या पिनांच्या दोन रांगा असतात. ६ आणि ८ या पॉवर बटणाच्या, ५ आणि ७ रिसेटच्या, आणि १० नंबरची पिन नसते. तरी आपल्या बोर्डाचं मॅन्युअल एकदा बघाच. या सगळ्या वायरी उपसा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पॉवरच्या दोन पिना क्षणभर जोडा. पीसी चालू झाला तर दोष बटणाचा. रिसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावून काम चालवा, उलटसुलट लागली तरी बिघडत नाही.

जांभळी, हिरवी, राखाडी

इथून पुढे साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो. ज्याने स्वतः पीसी जोडला, त्याच्याकडे तो असावाच. २४ पिनांचा कनेक्टर बोर्डावर लावलेलाच ठेवायचा. काळा प्रोब कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला, आणि लाल प्रोबचं टोक कनेक्टरच्या मागच्या बाजूने, जिथून वायर आत शिरते तिथून, हलकेच आत. शेजारच्या दोन पिना एकदम टेकणार नाहीत एवढं जपा.

हल्ली पुष्कळ एसएमपीएसच्या वायरी सगळ्या काळ्या असतात. तेव्हा पिना मोजायच्या. या कनेक्टरचा एका टोकाचा ४ पिनांचा तुकडा बहुतेक वेळा सुटा होतो. मोजायला सुरुवात त्याच्या विरुद्ध टोकापासून करायची. क्लिपच्या बाजूच्या रांगेतली चौथी पिन हिरवीची, तिच्या दोन्ही बाजूंना ग्राउंड. दुसऱ्या रांगेतली आठवी राखाडी, नववी जांभळी, दहावी आणि अकरावी पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्टच्या.

सॉकेट चालू, पीसी बंद. जांभळीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. नसतील तर कनेक्टर बोर्डातून काढून पुन्हा मोजा. आता ५ आले, तर बोर्ड किंवा त्याला जोडलेलं काहीतरी हा पुरवठा खाली ओढतंय. तरीही आले नाहीत, तर एसएमपीएस गेला, आणि हे आता खात्रीने म्हणता येतं.

जांभळी ठीक असेल तर हिरवीवर प्रोब ठेवा. पीसी बंद असताना तिथे ३ ते ५ व्होल्ट असतात. बटण दाबल्यावर ते जवळपास शून्यावर यायला हवेत. आलेच नाहीत, तर बोर्डाने एसएमपीएसला सांगितलंच नाही. स्क्रूड्रायव्हरने पिना जोडूनही हेच होत असेल तर संशय बोर्डावर. हिरवी खाली आली, पण पिवळीवर १२ आले नाहीत, तर एसएमपीएस खराब आहे किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. १२, ५, ३.३ सगळे आले (पाच टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६) पण राखाडी शून्यावरच राहिली, तर एसएमपीएसलाच स्वतःच्या पुरवठ्याची खात्री नाही. बोर्ड कितीही चांगला असला तरी प्रोसेसर हलणार नाही. आणि हिरवी खाली येऊन काही सेकंदांनी परत वर गेली, तर बंद करण्याचा निर्णय बोर्डाने घेतलाय. तेव्हा एसएमपीएसला दोष देऊ नका. प्रोसेसरचा कूलर नीट बसलाय का, रॅम, बायॉस, यांच्याकडे वळा.

एसएमपीएस सुटा करून हिरवी आणि शेजारची ग्राउंड पेपरक्लिपने जोडायची चाचणी सगळ्यांना माहीत असते. ती करा, पण तिच्यावर फार विसंबू नका. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं होत नाही, कारण लोड नसताना मेलेल्यातला एसएमपीएसही १२ व्होल्ट दाखवतो. उलट काही चांगल्या एसएमपीएसचा पंखा लोड कमी असताना मुद्दामच फिरत नाही, आणि माणूस समजतो की गेला. मीटरने मोजा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: एसएमपीएसचा डबा खोलू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ४०० च्या आसपास व्होल्ट डीसी असतात आणि वायर काढल्यावरही काही वेळ टिकतात. आतली दुरुस्ती ज्याचं रोजचं काम आहे त्यालाच करू द्या.

क्षणभर फिरतो आणि बंद

पंख्याने एक झटका दिला आणि सगळं शांत. परत बटण दाबलं तर काहीच नाही. सॉकेट बंद करून थोड्या वेळाने चालू केला की पुन्हा तसाच एक झटका. हे लक्षण दिसलं तर समजा, एसएमपीएसच्या आतलं संरक्षण काम करतंय. शॉर्ट किंवा जास्त प्रवाह दिसला की तो स्वतःला कुलूप लावतो आणि मुख्य पुरवठा तोडल्याशिवाय ते उघडत नाही. बदलायची घाई केली तर नवा एसएमपीएसही हेच करेल.

डोंबिवलीतला एक मुलगा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, अशीच तक्रार घेऊन आला होता. एसएमपीएस बदलून झाला होता. मी विचारलं, कधीच चालू होत नाही का? तो म्हणाला, "काका, कॅबिनेट जरा मागे झुकवलं की कधी कधी होतो." हे ऐकलं आणि शोध तिथेच अर्धा संपला. झुकवल्याने प्रोसेसर सुधारत नाही. कॅबिनेटमध्ये कुठेतरी धातूला धातू टेकत होता.

बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची केबल, बाकी काही नाही. चालू झाला, दर वेळी झाला. बोर्ड परत कॅबिनेटमध्ये बसवला, तरी चालतोय. मग कॅबिनेटच्या समोरच्या केबल एकेक करून लावल्या. यूएसबीची लावली आणि पीसी पुन्हा क्षणात बंद. समोरच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून बघितलं, तर आतली प्लास्टिकची जीभ तुटलेली आणि एक पातळ पट्टी वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकलेली. ती ५ व्होल्टची पट्टी होती. कॅबिनेट झुकवलं की ती किंचित सुटायची. केबल बोर्डातून काढून तिच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पिनांवर मीटर लावला तर ओहम जवळपास शून्य. नवा एसएमपीएस, जुना एसएमपीएस, दोन्ही निर्दोष होते. अशा वेळी काही बोर्ड तडक बंद होतात, काही मॉनिटरवर यूएसबी ओव्हर करंटचा इशारा देऊन १५ सेकंदांनी बंद होतात. तसा इशारा दिसला तर खुशाल विश्वास ठेवा.

घरी जोडलेल्या पीसीत शॉर्टची दुसरी जागा म्हणजे बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खुंट. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा. दोघांची काही भोकं वेगळ्या जागी पडतात. कॅबिनेटमध्ये आधीपासून लावलेला एखादा स्टँडऑफ लहान बोर्डाच्या भोकाखाली न येता डाखाच्या टोकांना टेकतो. बोर्ड काढा, भोकं मोजा, जिथे भोक नाही तिथला स्टँडऑफ काढून टाका. पडलेला एखादा स्क्रूही तिथेच सापडतो.

प्रत्येक केबल काढता-लावताना सॉकेट बंद, एसएमपीएसचं बटण बंद, आणि पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. बोर्डावरचा स्टँडबाय लाईट विझला की मगच हात घाला.

पंखे फिरतात, चित्र येत नाही

इथे पुरवठ्याचं काम बहुतेक झालेलं असतं आणि बोर्ड स्वतःच सांगतो की कुठे अडलंय. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) असे चार छोटे लाईट असतात. ज्याच्यावर थांबला, तिथे शोधा. सीपीयूवर थांबला तर आधी बघा, प्रोसेसरची ८ पिनांची केबल लावली आहे का. ती बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, हात न पोचणाऱ्या जागी असते आणि राहून जाते. जोडलेला प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बायॉस जुना असण्याचीही शक्यता आहे. व्हीजीएवर थांबला तर एचडीएमआय ग्राफिक कार्डाला लावली आहे की बोर्डाला, ते बघा. इंटेलचे एफ अक्षराचे प्रोसेसर आणि रायझन ५ ५६०० सारखे प्रोसेसर स्वतः चित्र देऊ शकत नाहीत. त्यांच्यासोबत बोर्डाचा पोर्ट मुका असतो.

पण 'कधी होतो, कधी नाही' या तक्रारीत सर्वांत जास्त वेळा लाईट थांबतो तो डीरॅमवर. दोन कारणं वारंवार सापडतात. पहिलं म्हणजे रॅम पूर्ण न बसणं. नव्या बोर्डांच्या खाचेला एकाच बाजूला खटका असतो. तो 'टक्' वाजला की माणसाला वाटतं बसली, पण खटका नसलेलं टोक केसभर वर राहतं. दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा आणि डोळे बोर्डाच्या पातळीला आणून बघा, सोनेरी पट्टी दिसायला नको. एकच रॅम असेल तर ती बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत जाते, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या.

दुसरं कारण हवा. चिपळूणच्या एका ओळखीच्या घरी पावसाळा लागला की पीसी चालू-बंद, चालू-बंद करायचा आणि दिवाळीनंतर निमूट चालायचा. रॅमच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवर मळकट, तपकिरी झाक धरली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पट्ट्या पुसल्या, खाच मऊ ब्रशने झाडली आणि रॅम परत बसवली. खोडरबराने घासायची पद्धत आपल्याकडे घराघरात आहे, आणि तीही चालते, पण हलक्या हाताने; सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा चुरा खाचेत पडला तर नवाच घोळ. कोकणात आणि गोव्यात पीसी खिडकीखाली, जमिनीवर ठेवू नका.

एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवायची बायॉसमधली सेटिंग) चालू केल्यावर ही तक्रार सुरू झाली असेल तर रॅम तो वेग कसाबसा पेलतेय. ती कधी पास होते, कधी नापास, आणि बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून मूळ वेगावर येतो. सीमॉस क्लिअर करा (म्हणजे बायॉसची सेटिंग मूळ स्थितीला आणा), मूळ वेगावर आठवडाभर चालवा. तक्रार गेली तर उत्तर मिळालं.

एएम५ (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा २०२२ पासूनचा सॉकेट) बोर्ड आणि डीडीआर५ रॅम असेल, तर एक खबरदारी. पहिल्या वेळी, रॅम बदलल्यावर किंवा बायॉस अपडेट केल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो, आणि काही मिनिटं मॉनिटर काळाच राहतो. डीरॅमचा लाईट पिवळा पेटलेला असतो, माणूस घाबरून बटण दाबून धरतो, आणि ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं हात लावू नका.

सकाळी रुसतो, दुपारी चालतो

पाच-सात वर्षं चाललेल्या पीसीत हे दिसलं आणि वरचं सगळं ठीक निघालं, तर एसएमपीएसचे कपॅसिटर म्हातारे झालेत असं समजायला हरकत नाही. आतलं द्रव सुकत जातं, रोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. डिसेंबरच्या सकाळी नाशिक-पुण्याकडे म्हणूनच हे जास्त जाणवतं. सॉकेट चालू ठेवून अर्धा तास थांबलं की स्टँडबायचा भाग जरा गरम होतो आणि पीसी चालू होतो. रात्री सॉकेट बंद करणाऱ्यांना हा त्रास आधी दिसतो. सकाळी, थंड असताना जांभळीवरचा आकडा मोजा आणि दुपारी परत मोजा. बटण दाबताच सकाळी तो ४.७५ च्या खाली घसरत असेल, तर एसएमपीएस बदलाच. बोर्डावरच्या नाण्याएवढ्या बॅटरीकडे मात्र लगेच बोट दाखवू नका. ही सीआर २०३२ बॅटरी उतरली तर मुख्यतः तारीख आणि सेटिंग विसरली जातात, तरी स्वस्त आहे, ३ व्होल्टपेक्षा बरीच खाली गेली असेल तर बदलून टाका.

एसएमपीएस बदलताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा की ऑनलाईन मागवा, नव्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएससोबत त्याच्याच केबल वापरा. जुन्या केबल कॅबिनेटमध्ये छान बांधलेल्या असतात, आणि त्या तशाच ठेवून फक्त डबा बदलायचा मोह होतो. बोर्डाकडचं आणि डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही वेगळा. केबल घट्ट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. त्यात सगळ्यात आधी जातात त्या साटा डिस्क, डेटासकट. पहिल्यांदा चालू करताना फक्त बोर्डाच्या दोन केबल लावा, पिवळी, लाल, नारिंगी मोजून घ्या, आणि आकडे बरोबर आले की मग डिस्क जोडा.